काही राहिलं का?

सुतळीमामांनी आयुष्यात इतकी घरं रिकामी केली, की नवख्या माणसाला वाटावं, यांचं साऱ्या गावाशी वैर आहे. तसं काही नव्हतं. लोकांचं घरसामान बांधायचं, उचलायचं आणि दुसऱ्या घरी नेऊन लावून द्यायचं, हा त्यांचा धंदा होता. पँटच्या एका खिशात सुतळीचा गुंडा, दुसऱ्यात चाकू आणि शर्टाच्या खिशाला खोक्यांवर लिहायचं जाड काळं पेन. त्या पेनाच्या शाईने त्यांचे सगळे शर्ट एकाच जागी डागळलेले असायचे. ते मामा कुणाचे, हे विचारू नका. त्यांना बहीण नव्हती. टेम्पोवाल्याने एकदा सहज ‘सुतळीमामा’ म्हणून हाक मारली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको रागावली की तीसुद्धा “अहो सुतळी” म्हणायची.

हा टेम्पोवालाही एक नगच होता. लोक त्याला गोगलगाय म्हणायचे. चालवायचाच तसा. पण मामांना तोच हवा असायचा, कारण त्याच्या टेम्पोत काचेचा पेला कधी तडकला नव्हता. दोघांची जोडी वर्षानुवर्षं जमलेली. बोलणं कमी आणि एकमेकांवर करवादणं जास्त.

मामांचे कामाचे दोन नियम होते आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. पहिला नियम खोक्यांचा. खोक्यावर सामान कुठून उचललं ते लिहायचं नाही, कुठे उतरवायचं ते लिहायचं. “जुनं घर विसरा,” ते हमालांवर ओरडायचे, “नव्या घरात जी खोली आहे तिचंच नाव घाला. नसलेल्या खोलीचं नाव घातलंत तर तुम्हालाच त्या खोक्यात भरीन.”

दुसरा नियम शेवटच्या फेरीचा. सगळं सामान खाली उतरलं, की मामा सगळ्यांना घराबाहेर काढायचे आणि एकटे आत जायचे. एकेका खोलीच्या मधोमध उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, “काही राहिलं का?” बाहेर जिन्यात उभ्या असलेल्या घरमालकिणींना हसू यायचं. रिकाम्या घराला विचारतात काय, काही राहिलं का म्हणून! पण त्यात मेख होती. खोली खरोखर रिकामी असेल तर आवाज चारी भिंतींवरून परत येतो. माळ्यावर एखादी सतरंजी विसरली असेल, भिंतीतल्या कपाटात गादी राहिली असेल, तर तोच आवाज बसका येतो. मामांचा कान त्यात तयार झाला होता. एकदा एका घरात आतल्या खोलीतून आवाज नीट परत येईना. घरची माणसं शपथेवर सांगत होती, काही नाही हो तिथे. मामांनी भिंतीतलं कपाट उघडलं, तर आत लोकरीच्या कपड्यांच्या ढिगावर घरचं मांजर गाढ झोपलेलं. ते हरवलं म्हणून सकाळपासून त्या घरात रडारड चालली होती. तेव्हापासून मामांच्या शेवटच्या फेरीला कुणी हसलं नाही.

असा हा माणूस स्वतः मात्र जन्मभर एकाच घरात राहिला. तिसऱ्या मजल्यावर, अरुंद जिन्याच्या डोक्यावर. एक बाहेरची खोली, स्वयंपाकघर, निजायची खोली आणि गॅलरीकडची एक छोटी खोली. ती ठकीची.

ठकी म्हणजे त्यांची मुलगी. एकुलती एक. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण तोंडाने भारी खट्याळ, म्हणून ठकी. बापाच्या पाठीवर बसून “हे सामान तिसऱ्या मजल्यावर पोचवा, फुटलं तर तुम्हालाच खोक्यात भरीन,” म्हणायची. वयात येता येता तिचं डोकं दुखायला लागलं. आधी उन्हाचं असेल म्हणाले, मग डोळ्यांचं, मग दवाखाने सुरू झाले आणि सुरूच राहिले. पुढे पुढे तर आवाज सोसवेना. चमचा खाली पडला तरी ती दोन्ही हातांनी कान दाबून धरायची. मग घराने शांत राहायचं शिकून घेतलं. दारांच्या कड्यांना चिंध्या गुंडाळल्या, खुर्च्यांच्या पायांना जुन्या मोज्यांचे तुकडे बांधले, आणि मामांसारखा चार मजले ऐकू जाईल अशा आवाजाचा माणूस कुजबुजायला लागला. त्या घरात सगळ्यात जास्त बोलला गेलेला शब्द कोणता, तर ‘हळू’. “हळू या.” “हळू ठेवा.” “हळू, आत्ताच डोळा लागलाय.”

एका दुपारी ठकीचा डोळा लागला तो लागलाच.

त्याला आता बरीच वर्षं झाली होती. कड्यांवरच्या चिंध्या झिजून गळून गेल्या. पण खोली होती तशीच राहिली. पलंग, त्यावर तिची निळी चादर, खिडकीत तिचा आरसा. दार कधी पूर्ण लावलं गेलं नाही. बोटभर फट ठेवायची, म्हणजे तिने हाक मारली तर ऐकू यावी. ही तेव्हाची सवय.

आणि मामी म्हणायची, ती आहे.

चुलीवर दूध आहे, असं सांगावं तितक्या साधेपणाने म्हणायची. अंगात येणं, डोळे फिरवणं, तसलं काही नाही. दुपारी भांडी घासता घासता थांबायची, कान द्यायची आणि म्हणायची, “कूस बदलली.” मामांना काही ऐकू यायचं नाही. पण नाही म्हणायची त्यांची कधी छाती झाली नाही. खरं सांगायचं तर त्यांनाही त्या दाराशी काहीतरी व्हायचं. बाहेरच्या खोलीत ते गोगलगायीवर खेकसत असायचे, आणि बोलता बोलता त्या फटीसमोरून गेले की मानेवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटायचं. नीट पाहिलं तर आत चादर आणि आरसा. तरी ते तिथून पाय न वाजवता जायचे.

घर बदलायची वेळ आली ती मामीच्या गुडघ्यांमुळे. जिना चढताना ती आता प्रत्येक वळणावर बसायला लागली होती. एकदा तर खाली उतरली आणि वर यायलाच तयार होईना. पायरीवर बसून रडली. मामांनी तिला पाठीवर घेऊन वर आणलं. लोकांची कपाटं आणली होती, बायको पहिल्यांदाच. वर पोचेपर्यंत त्यांचीही छाती भात्यासारखी हलत होती. त्याच आठवड्यात त्यांनी तळमजल्यावरचं एक घर पाहिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे अडगळ ठेवायला एक चिंचोळी खोली. अंगणात नळ. शेजारी बोलके.

“मी येणार नाही,” मामी म्हणाली.

“गुडघे काय म्हणतायत ते ऐकलंस का?”

“गुडघ्यांना न्या. मी इथेच बसते.”

“अगं, तिथे एकही पायरी नाही.”

मामीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. “तुम्हाला पायरी दिसते. मला वेगळंच दिसतं. आपण सगळं उचलून जाणार. ती इथे उठेल, तर घरात कुणी नाही. भलतीच माणसं. हाक मारेल, आणि कुणी यायचं नाही. तिला नवं घर माहीत तरी आहे का?”

मामांनी सुतळी बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाले, “इतकी वर्षं लोकांची घरं हलवली. कधी कुणाचं काही मागे राहिलं का?”

“नाही.”

“मग माझ्या घरचं राहील? मी बांधतोय ना? तिला घेतल्याशिवाय मी ते दार ओढणार नाही. शब्द देतो.”

मामीने त्यांच्याकडे पाहिलं. नवऱ्याचा शब्द म्हणजे काय चीज असते ते तिला माहीत होतं. बाजारातून आठवणीने हळद आणतो म्हणून गेलेला हा माणूस साबण घेऊन यायचा. पण धंद्यातला त्याचा शब्द कधी खाली पडला नव्हता, हेही तिला माहीत होतं. “तुम्ही शेवटची फेरी माराल?” तिने विचारलं.

“मारीन.”

“नीट ऐकाल?”

“कान देऊन ऐकीन.”

या बोलीवर ती तयार झाली.

बांधाबांध सुरू झाली तेव्हा मामांना पहिल्यांदा कळलं, की लोक सामान बांधताना मध्येच नुसते का बसून राहतात. आजवर त्यांना त्याचा राग यायचा. आता ते स्वतःच एक फुटका कंगवा हातात घेऊन बसले होते. ठकीची खोली त्यांनी शेवटी घेतली, आणि हमालांपैकी कुणाला आत येऊ दिलं नाही. चादरीची घडी घातली. आरसा उशीच्या अभ्र्यात गुंडाळला. एक चपलेचा जोड, एक स्वेटर, चमच्याने घ्यायच्या औषधाची बाटली. ती रिकामी होती, तरी घेतली. खोका बंद केला, वर दोनदा सुतळी आवळली आणि काळ्या पेनाने सवयीने खोलीचं नाव लिहिलं. ठकीची खोली.

काय लिहिलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

सामान उतरलं. मामीला त्यांनी टेम्पोत गोगलगायीच्या शेजारी बसवलं. ती वर खिडकीकडे पाहत राहिली. मामा एकटे वर आले.

बाहेरच्या खोलीत उभे राहिले. “काही राहिलं का?” आवाज खणकन परत आला. स्वयंपाकघरात परत आला. निजायच्या खोलीतही परत आला, इतका की त्यांना आपल्याच आवाजाची शरम वाटली. मग ते गॅलरीकडच्या खोलीत गेले. पलंग नव्हता, त्याच्या पायांचे चार ठसे होते. खिडकीला पडदा नव्हता. भिंतीत कपाट नाही, वर माळा नाही. मधोमध उभे राहून त्यांनी विचारलं.

काही परत आलं नाही.

त्यांना वाटलं, कानात दडा बसला असेल. पुन्हा विचारलं. आवाज तोंडातून निघाला आणि तिथेच संपला. भरलेल्या खोलीत होतो तसा. पलंग असल्यासारखा, गादी असल्यासारखा, गादीवर कुणी झोपलेलं असल्यासारखा. आयुष्यभर ज्या कानावर भरवसा ठेवला, तो कान सांगत होता, इथे कुणीतरी राहिलंय. आता उचलायचं काय? बांधायचं कशात?

ते खाली गुडघ्यांवर बसले. “चल ना गं,” म्हणाले. “आई खाली थांबलीय.”

खोली गप्प. खाली गोगलगायीने हॉर्न वाजवला. मामांनी उठून दार ओढलं. बोटभर फट ठेवली. पूर्ण लावायला हात धजला नाही.

टेम्पोत चढताच मामीने विचारलं, “काही राहिलं का?”

“नाही,” मामा म्हणाले. “काही राहिलं नाही.”

गोगलगायीने आरशातून त्यांचा चेहरा पाहिला आणि त्या दिवशी टेम्पो आणखीनच हळू चालवला.

नव्या घरी सामान उतरताना हमाल एकेक नाव वाचून खोके आत नेत होते. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, स्वयंपाकघर. मग एक जण एक खोका खांद्यावर घेऊन दारातच अडला. “मामा, ठकीची खोली कुठली?”

सगळे थांबले. जो माणूस नसलेल्या खोलीचं नाव घातलं म्हणून हमालांचे कान उपटायचा, त्याच्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं. हमालाच्या मानेवरून घाम गळत होता. शेवटी मामीनेच बोट केलं. “मागे,” ती म्हणाली. अडगळीच्या चिंचोळ्या खोलीत तो खोका गेला आणि तसाच पडून राहिला.

घर मात्र काही लागेना. मामी खोके उघडायचं नाव काढेना. रोजच्याला लागतील तेवढी चार भांडी काढली, बाकी सगळं बांधलेलंच. स्टेशनवर बसावं तशी ती बाहेरच्या खोलीत एका खोक्यावर बसून राहायची. दुपार झाली की कान द्यायची. इथे अंगणात नळावर बायका बोलायच्या, कुणाचं तरी पोर रडायचं, सायकलची घंटी वाजायची. ती ऐकत राहायची आणि मग मान हलवायची.

“नाहीये,” ती म्हणायची. “अहो, खरं सांगा. तुम्ही नीट ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“आवाज परत आला होता?”

“आला होता,” मामा म्हणायचे आणि चपला घालून बाहेर पडायचे.

तिच्यापासून पळता येत होतं, पण आवाज पाठ सोडीना. दुसऱ्यांच्या घरी शेवटची फेरी मारायला गेले की त्यांना धडकी भरायची. “काही राहिलं का?” विचारलं आणि आवाज परत आला, की वाटायचं, हे खोटं आहे. एका घरात त्यांनी रिकाम्या खोलीची भिंत हाताने चाचपून पाहिली. घरमालकीण गोगलगायीला हळूच म्हणाली, तुमच्या मामांना विश्रांतीची गरज आहे. गोगलगाय तसा शहाणा. परतताना त्याने टेम्पो बाजूला घेतला आणि म्हणाला, “काय झालंय ते सांगा, नाहीतर उतरा.” मामा उतरले आणि चालत घरी गेले.

शेवटी एका सकाळी मामीने आपली कपड्यांची पिशवी भरली. “मी परत जाते,” ती म्हणाली. “जुन्या घरमालकाच्या हातापाया पडते. पायऱ्या बसत बसत चढेन. तिला एकटं ठेवून मला इथे अन्न गोड लागत नाही. तुम्ही राहा.”

तिच्या आवाजात राग असता तर मामा भांडले असते. राग नव्हता. मामांच्या खिशात जुन्या घराची एक जादा किल्ली अजून होती. मालकाला द्यायची राहिली म्हणत त्यांनी ती मुद्दामच ठेवली होती. ती त्यांनी मुठीत आवळली. “थांब,” ते म्हणाले. “आधी मी जाऊन येतो. मग तू म्हणशील तसं.”

“घेऊन याल?”

मामा दार ओढून निघाले. वाटेत त्यांनी मनाशी ठरवलं, की परत आलं की सगळं खरं सांगून टाकायचं. ती इथेच राहिली, मी तिला टाकून आलो, असं म्हणायचं. मग मामी गेली तर जाऊ दे, आपणही मागोमाग जायचं. रोज पाठीवर घेऊन जिना चढायचा. छाती फुटली तर फुटली.

दुसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि वरून कुणीतरी गाणं म्हणताना ऐकू आलं. गळा फाडून. घराचं दार उघडंच होतं. आत चुन्याचा वास, फरशीवर वर्तमानपत्रं, आणि गाणं येत होतं ते थेट गॅलरीकडच्या खोलीतून. मामा धावलेच. खोलीत एक रंगारी शिडीवर चढून भिंत खरवडत होता आणि दणदणून गात होता, आणि त्याचं ते बेसूर गाणं चारी भिंतींवरून दुप्पट होऊन परत येत होतं. मामांच्या डोळ्यांत रक्त उतरलं.

“हळू!” ते दारातून ओरडले. “हळू! कळत नाही का!”

रंगाऱ्याने मान वळवली, गाणं थांबवलं. “काय म्हणता काका?”

“हळू म्हटलं! आवाज कसला करतोस!”

रंगारी शिडीवरून खाली वाकला आणि कानाशी हात नेला. “मोठ्याने बोला की. नुसते ओठ हलतायत तुमचे. घसा बसलाय का?”

मामा उभ्या जागी थिजले.

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं आणि या वेळी स्वतःच ऐकलं. काही निघतच नव्हतं. दारातून पाऊल आत टाकलं होतं आणि गळा आपणहून मिटला होता. आत्ताच नाही. त्या दिवशीही. सगळ्या घरात खणखणीत ओरडलेला माणूस या खोलीत येऊन कुजबुजला होता. इतकी वर्षं इथे मोठ्याने बोलायची मनाई होती. ती उठवायला कुणी उरलंच नव्हतं. जो आवाज त्यांनी दिलाच नाही, तो परत येणार कुठून?

“पाणी देऊ का?” रंगारी शिडीवरून उतरत म्हणाला.

मामांनी हाताने त्याला थांबवलं. खोलीच्या मधोमध गेले. पलंगाच्या पायांचे ठसे चुन्याने अर्धे झाकले होते, त्यांच्यामध्ये उभे राहिले. डोळे मिटले. ठकीचे कान दाबून धरलेले दोन्ही हात दिसले. मनातल्या मनात तिची क्षमा मागितली, आणि मग पोटातून जोर लावून, चार मजले ऐकू जाईल असं विचारलं,

“काही राहिलं का?”

खोली घुमली. भिंतींनी, छताने, खिडकीच्या काचेने तो प्रश्न जसाच्या तसा परत केला. कुठे अडला नाही, कुठे बसका झाला नाही. खोली रिकामी होती. साफ रिकामी.

“माझी शिडी राहिलीय की,” रंगारी बिचारा गोंधळून म्हणाला. “ती नेऊ नका.”

मामा हसले, आणि हसता हसताच भिंतीला टेकून रडायला लागले. अंगभर चुना लागला. रंगारी बाहेर जाऊन उगाच बादली हलवत बसला.

पहिल्यांदा वाटला तो आनंद. तिला टाकून आलो नव्हतो. किल्ली त्यांनी रंगाऱ्याच्या हातात दिली, मालकाला द्यायला सांगितली, आणि जिना उतरायला लागले. पण एकेक पायरी उतरताना पाय जड व्हायला लागले. ती इथे नाही, हे खरं. पण नव्या घरीही नाही. मग आहे कुठे? इतकी वर्षं त्या फटीमागे जे होतं, ते काय होतं? आपण दोघं हळू बोलत होतो, एवढंच? ती शांतता आपलीच होती, आणि आपण समजत होतो की ती झोपलीय? शेवटच्या पायरीवर आले तेव्हा त्यांना वाटलं, खोली भरलेली निघाली असती तर बरं झालं असतं. टाकून आलेलं माणूस निदान असतं तरी. हे मामीला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिची पिशवी भरलेली होती.

घरी पोचले तर अंगणापासूनच मामीचा आवाज ऐकू येत होता. मामा दचकले. असा आवाज या घरात तिने अजून काढला नव्हता.

“त्या गोगलगायीला म्हणावं, झाकणं काय खाल्लीस?” ती स्वयंपाकघरातून ओरडत होती. “डबे आले, झाकणं नाहीत. सुतळी बांधायला येते, अक्कल बांधता येत नाही!”

दारात पाहतात तो खोके फोडलेले, सुतळ्या इतस्ततः पडलेल्या, फळीवर डबे उघडे. मामी कमरेला पदर खोचून उभी होती. मामांच्या अंगावरचा चुना तिने पाहिला, पण तोंड चालूच होतं. “वाट पाहून पाहून जीव टांगणीला लागला. म्हटलं, तुम्ही आणलंत की नाही ते आपणच उघडून बघू. मागचा खोका उघडला. तिची बाटलीसुद्धा आणलीत हो! मला वाटलं होतं, रिकामी म्हणून टाकली असेल. मग लावली खोली. आणि खोली लावल्यावर बाकीचं उघडं कसं ठेवणार? धरा हे, उशी राहिलीय तिची, ती द्यायची आहे. आणि त्या मेल्याला उद्याच्या उद्या बोलवा, झाकणं मिळाली नाहीत तर मी त्याच्या टेम्पोची...”

असं बोलत, उशी छातीशी धरून, ती मागच्या चिंचोळ्या खोलीकडे निघाली, मामा तिच्यामागे. ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. खोलीचं दार बोटभर उघडं होतं. मामी त्या फटीपाशी पोचली आणि टेम्पोचं जे काही ती करणार होती, ते अर्ध्यातच राहिलं. तिचा आवाज आपोआप खाली आला, तिच्या ध्यानीमनीही नसताना.

“हळू या,” ती कुजबुजली.

मामांचे पाय थांबले. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

आत निळी चादर अंथरलेली होती. पलंग मावत नव्हता म्हणून गादी खालीच घातली होती. आरसा खिडकीच्या खोबणीत. मामीने वाकून उशी ठेवली, चादरीची एक सुरकुती मोडली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. अंगणात नळावर बायका बोलत होत्या. सायकलची घंटी वाजली. आत ते काही पोचत नव्हतं.

“काही राहिलं का तिकडे?” तिने विचारलं. नुसते ओठ हलले.

मामांना नीट ऐकू आलं.

“नाही,” तेही तितक्याच हळू म्हणाले. “सगळं आलं.”

दोघं बाहेर आले. मामांनी दार ओढलं आणि बोटभर फट ठेवली.